विश्लेषण : डर्बीला विजेते करून प्रतिस्पर्ध्याकडे गेलेले ब्रायन क्लफ दोन्ही शहरांना आपले का वाटतात?

इंग्लिश फुटबॉलमध्ये मॅनेजर म्हणजे नुसता सामानसुमान आणि हॉटेल बघणारा अधिकारी नव्हे. संघ कोणता खेळवायचा, खेळाडू कोणते घ्यायचे, कोणाला विकायचे, हे सारे त्या काळी तोच ठरवायचा. त्यामुळे असा माणूस शेजारच्या प्रतिस्पर्धी क्लबकडे गेला, तर चाहत्यांना घरातलाच कोणी उठून गेल्यासारखे वाटते. डर्बी शहराने हा अनुभव १९७५ मध्ये घेतला. डर्बी कौंटीला पहिले लीग जेतेपद मिळवून देणारे ब्रायन क्लफ जेमतेम २५ किलोमीटरवरच्या नॉटिंगहॅम फॉरेस्टचे मॅनेजर झाले आणि तिथे त्यांनी डर्बीत केले त्याहून मोठे यश मिळवले. तरीही आज दोन्ही शहरांत त्यांचे पुतळे आहेत. हे कसे घडले?

ब्रायन क्लफ कोण होते?

क्लफ यांचा जन्म २१ मार्च १९३५ रोजी ईशान्य इंग्लंडमधल्या मिडल्सब्रो या औद्योगिक शहरात झाला. नगरपालिकेने बांधलेल्या घरात मोठे कुटुंब राहायचे. वडील गोळ्या-मिठाईच्या कारखान्यात कामाला होते. शाळेतल्या परीक्षेत क्लफ नापास झाले, पण गोल करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मिडल्सब्रोकडून २२२ सामन्यांत त्यांनी २०४ गोल केले. १९६१ मध्ये ते जवळच्याच संडरलंडकडे गेले.

२६ डिसेंबर १९६२ रोजी बरी संघाच्या गोलरक्षकाशी त्यांची धडक झाली आणि गुडघ्याचा अस्थिबंध फाटला. त्या काळी या दुखापतीवर खात्रीचा उपचार नव्हता. २७४ लीग सामन्यांत २५१ गोल करणारा हा आघाडीपटू विशीतच संपल्यात जमा झाला. १९६५ मध्ये, वयाच्या तिशीत, ते हार्टलपूल्स युनायटेड या तळाच्या क्लबचे मॅनेजर झाले. सोबत सहायक म्हणून होते पीटर टेलर. टेलर हे मिडल्सब्रोतले जुने मित्र, माजी गोलरक्षक आणि मूळचे नॉटिंगहॅमचे. कोणता खेळाडू पुढे चमकेल हे टेलर हेरायचे आणि त्याच्याकडून काम करून घेणे क्लफ यांच्याकडे असे.

डर्बीत त्यांनी काय बदलले?

१९६७ मध्ये ही जोडी डर्बीत आली, तेव्हा संघ दुसऱ्या श्रेणीत रखडला होता. पहिल्या हंगामात तर तो आणखी एक पायरी घसरून १८व्या स्थानी गेला. पण रॉय मॅकफार्लंड, जॉन ओहेअर, जॉन मॅकगव्हर्न असे तरुण खेळाडू येत गेले. टॉटनहॅममधून उतारवयातले डेव्ह मकाय अवघ्या पाच हजार पौंडांत आले आणि बचावाची सूत्रे त्यांनी हाती घेतली. १९६९ मध्ये डर्बी दुसऱ्या श्रेणीचे विजेते म्हणून पहिल्या श्रेणीत पोहोचले.

फेब्रुवारी १९७१ मध्ये शहराचा मोठा आधार असलेली रोल्स-रॉइस कंपनी दिवाळखोरीत गेली. हजारो घरांची रोजीरोटी टांगणीला लागली. त्यानंतर सव्वा वर्षाने, मे १९७२ मध्ये, डर्बीने आपल्या इतिहासातले पहिले लीग जेतेपद मिळवले. शेवटच्या सामन्यात मॅकगव्हर्न यांच्या गोलने लिव्हरपूलला हरवून डर्बीचे ५८ गुण झाले होते. आठवड्याभराने लीड्स आणि लिव्हरपूल आपापले सामने जिंकू शकले नाहीत आणि दोघेही ५७ वर थांबले. ही बातमी आली तेव्हा डर्बीचे खेळाडू टेलर यांच्यासोबत मयोर्का बेटावर सुट्टीवर होते. क्लफ आपल्या कुटुंबासह दुसरीकडे होते.

त्याच हंगामात नॉटिंगहॅम फॉरेस्टची दुसऱ्या श्रेणीत घसरण झाली. त्यामुळे दोन्ही शहरांतली तेढ आणखी वाढली.

डर्बी का सोडले आणि चाहते कोणावर चिडले?

क्लफ यांना टीव्ही आणि वृत्तपत्रांतून परखड बोलायची सवय होती. इतर क्लब, फुटबॉल संघटना आणि स्वतःचे संचालक, कोणीच त्यातून सुटत नव्हते. अध्यक्ष सॅम लाँगसन यांच्याशी त्यांचे संबंध ताणले गेले. १९७३ मध्ये युरोपियन चषकाच्या उपांत्य फेरीत डर्बी युव्हेंटसकडून हरले. त्या पराभवानंतर क्लफ यांनी जाहीरपणे पंचांवर संशय घेतला. अखेर १५ ऑक्टोबर १९७३ रोजी क्लफ आणि टेलर यांनी राजीनामे दिले. संचालक मंडळाने ते स्वीकारलेही.

शहर पेटून उठले, पण राग क्लफ यांच्यावर नव्हता, तर तो संचालकांवर होता. चाहत्यांनी मोर्चे काढले, सभा घेतल्या. खेळाडूंनी दोघांना परत घ्या असे पत्र मंडळाला दिले. मंडळ बधले नाही. त्यांनी नवा मॅनेजर आणला तो थेट नॉटिंगहॅम फॉरेस्टमधून, आणि तो होता क्लफ यांचाच जुना शिलेदार डेव्ह मकाय. म्हणजे या दोन क्लबांमधला दरवाजा आधी डर्बीनेच उघडला होता. मकाय यांनी १९७५ मध्ये डर्बीला दुसरे लीग जेतेपद मिळवून दिले.

लीड्समध्ये ४४ दिवसच का टिकले?

डर्बीनंतर क्लफ आणि टेलर तिसऱ्या श्रेणीतल्या ब्रायटनकडे गेले. तिथे यश आले नाही. एका सामन्यात तर घरच्या मैदानावर आठ गोल खावे लागले. जुलै १९७४ मध्ये लीड्स युनायटेडने क्लफ यांना बोलावले. डॉन रेव्ही यांनी घडवलेला हा संघ नुकताच लीग विजेता ठरला होता. त्याच संघाच्या खेळण्याच्या पद्धतीवर क्लफ यांनी वर्षानुवर्षे जाहीर टीका केली होती. टेलर या वेळी ब्रायटनमध्येच राहिले.

खेळाडूंनी नव्या मॅनेजरला मनातून स्वीकारलेच नाही. निकालही विरोधात गेले. १२ सप्टेंबर १९७४ रोजी, ४४ दिवसांत, क्लफ यांची हकालपट्टी झाली. काल टीका करणारा माणूस आज मॅनेजरच्या खुर्चीत बसला तर ती जखम भरायला वेळ लागतो, आणि लीड्सने तो वेळ दिला नाही.

नॉटिंगहॅमने त्यांचे स्वागत केले का?

६ जानेवारी १९७५ रोजी क्लफ नॉटिंगहॅम फॉरेस्टमध्ये रुजू झाले. संघ दुसऱ्या श्रेणीत १३व्या क्रमांकावर होता. आशा होती, तसा संशयही होता. फॉरेस्टच्या चाहत्यांना क्लफ आठवत होते ते त्यांचे खेळाडू पळवणारा डर्बीचा मॅनेजर म्हणून. विंगर ॲलन हिंटन आणि टेरी हेनेसी हे दोघे फॉरेस्टमधूनच डर्बीला गेले होते. १९७२ मध्ये तर क्लफ यांनी फॉरेस्टचा लाडका खेळाडू इयान स्टोरी-मूर आपलाच झाल्यासारखा डर्बीच्या मैदानावर प्रेक्षकांपुढे मिरवला होता. फॉरेस्टने कागदांवर सही केली नाही आणि तो अखेर मँचेस्टर युनायटेडला गेला.

सुरुवातही संथ होती. पहिल्या हंगामात १६वे स्थान, दुसऱ्यात आठवे. १९७६ च्या जुलैमध्ये टेलर पुन्हा येऊन मिळाले आणि चित्र पालटले. १९७७ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर राहून फॉरेस्टने जेमतेम पहिली श्रेणी गाठली. पुढच्याच वर्षी ते लिव्हरपूलला सात गुणांनी मागे टाकून लीग विजेते झाले. मग १९७९ मध्ये म्युनिकला माल्मोविरुद्ध आणि १९८० मध्ये माद्रिदला हॅम्बुर्गविरुद्ध, प्रत्येकी १-० ने, सलग दोन युरोपियन चषक त्यांनी जिंकले. इतके झाल्यावर स्टोरी-मूरचे प्रकरण उगाळण्यात कोणाला रस राहणार?

डर्बीच्या चाहत्यांना नेमके काय बोचले?

एक म्हणजे, हे यश डर्बीच्याच माणसांनी मिळवले. मॅकगव्हर्न, ओहेअर आणि आर्ची गेमिल हे १९७२ च्या विजेत्या संघातले तिघे क्लफ यांच्याभोवती पुन्हा गोळा झाले. दोन्ही वेळा युरोपियन चषक उंचावणारा कर्णधार मॅकगव्हर्नच होता. डर्बीला जो चषक उपांत्य फेरीत हुकला, तो त्यांच्याच माजी खेळाडूने शेजाऱ्यांच्या जर्सीत उचलला.

दुसरे म्हणजे, ते परतू शकले असते. १९७७ मध्ये, फॉरेस्ट दुसऱ्या श्रेणीत असताना, डर्बीने क्लफ यांना परत बोलावले होते. त्यांनी नकार दिला. ऑगस्ट १९७७ मध्ये फॉरेस्टने डर्बीला ३-० ने हरवले. १९८० मध्ये फॉरेस्ट दुसऱ्यांदा युरोपचे विजेते झाले आणि त्याच हंगामात डर्बी पहिल्या श्रेणीतून बाहेर फेकले गेले. आठ वर्षांत पारडे पूर्ण फिरले होते.

तरीही डर्बीने त्यांना गद्दार ठरवले नाही. त्यांनी प्रतिस्पर्ध्यासाठी डर्बी सोडले नव्हते. भांडण संचालकांशी होते आणि मधे सव्वा वर्ष गेले होते. शिवाय फॉरेस्टमध्ये काम करतानाही क्लफ राहायचे डर्बीजवळच्या क्वार्नडन गावात. सकाळी नॉटिंगहॅमला कामावर जाऊन ते पुन्हा डर्बीकडे घरी परतायचे. मनात धरलेला राग रोज शेजारी दिसणाऱ्या माणसावर टिकवणे अवघड असते.

मग मैत्री का तुटली?

मे १९८२ मध्ये टेलर निवृत्त झाले आणि नोव्हेंबरमध्ये डर्बीचे मॅनेजर म्हणून परत आले. आता माजी सहकारी प्रतिस्पर्ध्याकडे गेल्याचा अनुभव खुद्द क्लफ यांना येणार होता. जानेवारी १९८३ मध्ये एफए चषकात दुसऱ्या श्रेणीतल्या डर्बीने फॉरेस्टला २-० ने हरवले. एक गोल गेमिलचा होता.

तेवढे पचले असते. पण त्याच उन्हाळ्यात क्लफ निधी जमवण्यासाठी पेनाइन वे या लांब पायवाटेवर चालत असताना टेलर यांनी फॉरेस्टचा विंगर जॉन रॉबर्टसन याला डर्बीत नेले. १९८० च्या अंतिम सामन्यातला विजयी गोल याच रॉबर्टसनचा. आपल्याला आधी सांगितले नाही, याची क्लफ यांना चीड आली. दोघांतले बोलणे थांबले ते कायमचे. क्लफ यांनी स्वतः स्टोरी-मूरच्या बाबतीत जे केले, जवळपास तेच त्यांच्या वाट्याला आले होते. पण चाहत्यांनी त्यांना जे माफ केले, ते त्यांना मित्राला माफ करता आले नाही. ऑक्टोबर १९९० मध्ये टेलर यांचे निधन झाले. क्लफ अंत्यविधीला गेले. पुढे त्यांनी आपले आत्मचरित्र टेलर यांनाच अर्पण केले.

अखेरची वर्षे कशी होती?

१९८९ आणि १९९० मध्ये फॉरेस्टने लीग चषक जिंकला, पण मद्याचे व्यसन बळावत होते. १९८९ मध्ये मैदानात घुसलेल्या चाहत्यांवर हात उगारल्याबद्दल त्यांना दंड आणि बंदी झाली. त्याच वर्षी हिल्सबरो मैदानावर फॉरेस्टविरुद्धच्या सामन्यात चेंगराचेंगरी होऊन लिव्हरपूलच्या ९७ चाहत्यांचा बळी गेला. पुढे क्लफ यांनी त्याचा दोष लिव्हरपूलच्या चाहत्यांवरच टाकला. अधिकृत चौकशीत तो आरोप टिकला नाही आणि लिव्हरपूलमध्ये ते विधान आजही सलते. १९९३ मध्ये फॉरेस्टची प्रीमियर लीगमधून घसरण झाली आणि १८ वर्षांनी क्लफ निवृत्त झाले. २००३ मध्ये यकृत प्रत्यारोपण झाले. २० सप्टेंबर २००४ रोजी डर्बीतल्या रुग्णालयात, वयाच्या ६९व्या वर्षी, पोटाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले.

दोन्ही शहरांनी त्यांना कसे वाटून घेतले?

शोकसभा डर्बीच्या कॅथीड्रलमध्ये ठरली होती, पण येणाऱ्यांची संख्या पाहून ती डर्बी कौंटीच्या प्राइड पार्क स्टेडियमवर हलवावी लागली. १४ हजारांहून अधिक लोक आले. डर्बीच्या पांढऱ्या-काळ्या आणि फॉरेस्टच्या लाल मफलरी त्या दिवशी शेजारी शेजारी बसल्या होत्या. २००५ मध्ये दोन्ही शहरांना जोडणाऱ्या ए-५२ रस्त्याला ब्रायन क्लफ वे हे नाव मिळाले. २००७ पासून डर्बी-फॉरेस्ट सामन्यातल्या विजेत्याला त्यांच्या नावाचा करंडक दिला जातो. २००९ मध्ये त्यांचे पुत्र, फॉरेस्टचे माजी आघाडीपटू नायजेल क्लफ डर्बीचे मॅनेजर झाले. फॉरेस्टचा माजी खेळाडू म्हणून नव्हे, तर क्लफ यांचा मुलगा म्हणून डर्बीने त्यांच्याकडे पाहिले.

नॉटिंगहॅमच्या भर चौकाजवळ क्लफ यांचा पुतळा एकटा उभा आहे. डर्बीत २०१० मध्ये उभारलेल्या पुतळ्यात मात्र क्लफ आणि टेलर दोघे मिळून लीगचा करंडक धरून आहेत. फॉरेस्टच्या मैदानात एका बाजूच्या स्टँडला क्लफ यांचे नाव आधीपासून होते. २०१५ मध्ये समोरच्या स्टँडला टेलर यांचे नाव देण्यात आले. जिवंतपणी सात वर्षे एकमेकांशी न बोललेले दोन मित्र आता प्रत्येक सामन्याला समोरासमोर असतात.