विष्णु दिगंबर पलुस्कर

पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८ ऑगस्ट १८७२ – २१ ऑगस्ट १९३१) हे ग्वाल्हेर घराण्याचे गायक, संगीतशिक्षक आणि गांधर्व महाविद्यालयाचे संस्थापक होते. हिंदुस्थानी संगीत दरबारातून आणि उस्तादांच्या घरांतून बाहेर काढून शाळेच्या वर्गात आणण्याचे श्रेय प्रामुख्याने दोन मराठी माणसांना दिले जाते. त्यांपैकी एक पलुस्कर आणि दुसरे विष्णु नारायण भातखंडे. भातखंडे यांनी शास्त्राची मांडणी केली. पलुस्करांनी शिकवणारी माणसे तयार केली. संगीत शिकवणे हा स्वतंत्र व्यवसाय आहे, त्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते, त्याची परीक्षा होते आणि त्यावर सन्मानाने पोट भरता येते, या आज साध्या वाटणाऱ्या कल्पनेमागे त्यांच्या आयुष्याची तीस वर्षे उभी आहेत.

बालपण

विष्णूंचा जन्म कुरुंदवाड संस्थानात नारळी पौर्णिमेच्या दिवशी झाला. कुरुंदवाड आज कोल्हापूर जिल्ह्यात आहे. घराण्याचे मूळ आडनाव गाडगीळ. पलूस गावावरून ते पलुस्कर झाले. वडील दिगंबरबुवा कीर्तनकार होते आणि संस्थानिकांच्या आश्रयाला होते. कीर्तनात वडिलांच्या मागे उभे राहून साथ करता करता मुलाचा गळा तयार होत गेला. अभंग, पदे, आर्या आणि साकी यांचे संस्कार शास्त्रोक्त गाण्याच्या आधी झाले, आणि पुढे त्यांनी भजनाला मैफलीत जे स्थान दिले त्याचे मूळ येथेच आहे.

दत्तजयंतीच्या उत्सवात फटाका तोंडाजवळ फुटून त्यांच्या डोळ्यांना इजा झाली. उपचार झाले, पण दृष्टी पूर्ववत झाली नाही. शाळेचे शिक्षण त्यामुळे थांबले. वाचता न येणाऱ्या मुलाने करावे काय, या विवंचनेतून गाण्याचा मार्ग सुचला आणि त्यांना मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्याकडे ठेवण्यात आले.

मिरज

बाळकृष्णबुवा (१८४९–१९२६) यांनी ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणली. ही विद्या मिळवण्यासाठी त्यांनी स्वतः अपार कष्ट उपसले होते, आणि शिष्यांनाही ती तशाच कष्टाने मिळावी अशी त्यांची धारणा असावी. गुरुगृही पाणी भरणे, केर काढणे आणि गुरूंची सेवा करणे हा शिक्षणाचाच भाग होता. गुरूंच्या मनात येईल तेव्हा आणि येईल तेवढे शिकवले जाई. वेळापत्रक, क्रमिक पुस्तक किंवा ठरलेला अभ्यासक्रम यांचा प्रश्नच नव्हता. विष्णूंना मिरजेच्या अधिपतींचा आश्रय असल्याने राहण्याजेवणाची चिंता नव्हती. तेथे सुमारे बारा वर्षे त्यांनी कठोर रियाझ केला.

त्यांच्या आयुष्याला वळण लावणारी म्हणून सांगितली जाणारी घटना मिरजेतलीच आहे. गावातील एका समारंभाला विष्णूंना बोलावणे आले, कारण ते संस्थानिकांच्या मर्जीतले होते. त्यांच्या गुरूंना मात्र बोलावणे नव्हते. विचारणा केल्यावर, ते गवई आहेत, एवढेच कारण पुढे आले. ज्या माणसासमोर शिष्याने जमिनीवर बसायचे, त्याला प्रतिष्ठितांच्या पंगतीत जागा नव्हती. गवयाला गाण्यासाठी बोलावले जाई, पाहुणा म्हणून नव्हे. १८९६ साली पलुस्करांनी मिरज सोडली. राजाश्रयही सुटला.

भ्रमंती

पुढील चार-पाच वर्षे ते फिरत राहिले. औंध, सातारा, बडोदे, काठियावाड, ग्वाल्हेर, मथुरा, दिल्ली, जालंधर असा हा प्रवास होता. काठियावाडात त्यांनी तिकीट लावून जाहीर कार्यक्रम केला. ही गोष्ट आज क्षुल्लक वाटेल, पण त्या काळी तो धाडसाचा प्रयोग होता. गाणे ऐकायचे तर दरबारात, धनिकाच्या दिवाणखान्यात किंवा देवळात, अशी रीत होती. सामान्य माणसाने पैसे देऊन खुर्चीवर बसून ऐकावे आणि गवयाने कोणाचीही मर्जी न सांभाळता गावे, हे नाते तोवर रुळलेले नव्हते. मथुरेत त्यांनी ब्रज भाषेचा अभ्यास केला. तेथे ध्रुपदगायकीचाही त्यांना परिचय झाला. ज्या भाषेत बंदिशी आहेत ती भाषा गवयाला कळली पाहिजे, हा त्यांचा आग्रह शेवटपर्यंत टिकला.

लाहोर आणि गांधर्व महाविद्यालय

५ मे १९०१ रोजी त्यांनी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालय सुरू केले. मराठी मुलखापासून इतक्या दूर, जेथे आपली भाषा बोलणारे फारसे कोणी नव्हते अशा शहरात त्यांनी ही शाळा काढली. एखाद्या संस्थानिकाच्या खजिन्यावर न विसंबता लोकांच्या देणग्या, विद्यार्थ्यांचे शुल्क आणि स्वतःच्या मैफलींचे उत्पन्न यांवर चालणारी ही संस्था होती. सुरुवातीला विद्यार्थीच आले नाहीत. रिकाम्या वर्गात ठरलेल्या वेळी पलुस्कर स्वतःच तंबोरा घेऊन बसत आणि तास संपेपर्यंत रियाझ करीत, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले आहे. हळूहळू शहरातील प्रतिष्ठित मंडळी आली, त्यांच्या मागोमाग त्यांची मुले आली. स्त्रियांसाठी स्वतंत्र वर्ग निघाला. कुलीन घरातील मुलींनी गाणे शिकणे लज्जास्पद मानले जाई, त्या काळातील ही गोष्ट आहे.

वर्गात एकाच वेळी अनेकांना शिकवायचे तर काहीतरी लिखित हवे. त्यासाठी पलुस्करांनी स्वतःची स्वरलेखनपद्धती तयार केली आणि क्रमिक पुस्तके लिहिली. संगीत बालप्रकाश आणि रागप्रवेश ही त्यांतील परिचित नावे. संगीतामृत प्रवाह हे मासिकही त्यांनी चालवले. त्यांच्या स्वरलेखनात मंद्र सप्तकातील स्वराच्या डोक्यावर बिंदू असतो आणि तार सप्तकासाठी उभी रेघ. भातखंडे पद्धतीत तोच डोक्यावरचा बिंदू तार सप्तक दाखवतो आणि मंद्रासाठी बिंदू स्वराखाली येतो. दोन्ही पद्धती अभ्यासाव्या लागणारा विद्यार्थी या बिंदूपाशी आजही हमखास अडखळतो. पलुस्करांची पद्धती मात्रांचे सूक्ष्म विभाग अधिक काटेकोर दाखवते, पण लिहिण्यास किचकट आहे. प्रसार भातखंडे पद्धतीचा अधिक झाला, त्याचे हे एक कारण.

उपदेशक वर्ग

पलुस्करांचे सर्वांत दूरगामी कार्य म्हणजे उपदेशक वर्ग. शुल्क भरून संध्याकाळी येणारे विद्यार्थी वेगळे आणि संगीतशिक्षक होण्यासाठी संस्थेतच राहणारे विद्यार्थी वेगळे, असा भेद त्यांनी सुरुवातीपासून केला. उपदेशक वर्गातील मुलांचा राहण्याजेवणाचा भार संस्था उचले. त्या बदल्यात नऊ वर्षे शिकण्याचा करार पालकांना लिहून द्यावा लागे. दिवस पहाटे सुरू होई. गायन, तबला व इतर वाद्यांची ओळख, स्वरलेखन, शास्त्र आणि भाषा यांबरोबरच व्यायाम आणि प्रार्थना असे. मोठ्या मुलांनी लहानांना शिकवायचे. संध्याकाळच्या वर्गावर प्रत्यक्ष पाठ घ्यायचे. म्हणजे अध्यापनाचा सराव हा अभ्यासक्रमाचाच भाग होता. आजच्या शिक्षणशास्त्राच्या पदवीत जे सराव पाठ असतात, त्यांचेच हे पूर्वरूप म्हणता येईल. शिस्त कडक होती आणि गुरुजी रागीट होते, असेही शिष्यांच्या आठवणींवरून दिसते.

येथे एक विसंगती नोंदवली पाहिजे. पलुस्करांनी गुरुगृहाच्या पद्धतीला पर्याय म्हणून शाळा काढली, पण त्यांच्या संस्थेतून जे नामवंत झाले ते बहुतेक उपदेशक वर्गातले, म्हणजे गुरूच्या छायेत वर्षानुवर्षे राहिलेले होते. विनायकराव पटवर्धन १९०७ साली नऊ वर्षांचे असताना लाहोरला गेले. ओंकारनाथ ठाकूर, नारायणराव व्यास, शंकरराव व्यास, बा. र. देवधर, वामनराव पाध्ये आणि शंकरराव बोडस हेही पलुस्करांचेच शिष्य. आठवड्यातून काही तास येणारा विद्यार्थी जाणता श्रोता होतो, क्वचितच गवई होतो. पलुस्करांना याची जाण होती. सगळे तानसेन होणार नाहीत, पण चांगले ऐकणारे आणि नीट शिकवणारे तरी होतील, अशी त्यांची भूमिका होती. त्यांच्या टीकाकारांनी हा हेतू पुरेसा लक्षात घेतलेला नाही.

मौखिक परंपरेतील संगीत वर्गात शिकवता येते का, हा प्रश्न केवळ भारतापुरता नव्हता. पॅरिसमध्ये १७९५ साली संगीताची सरकारी शाळा निघाली, पण तेथील संगीत लिखित होते. ऐकून शिकल्या जाणाऱ्या जाझला अमेरिकेतील नॉर्थ टेक्सास येथे पदवीचा विषय म्हणून जागा मिळाली ती १९४७ साली. त्या तुलनेत लाहोरचा प्रयोग किती लवकर झाला हे ध्यानात येते.

मुंबई आणि कर्ज

१९०८ साली मुंबईत शाखा निघाली आणि पुढे तीच मुख्य केंद्र बनली. विद्यार्थ्यांची संख्या वाढली. वाद्यदुरुस्तीचा कारखाना आणि छापखाना जोडला गेला. सँडहर्स्ट रस्त्यावर संस्थेची स्वतःची इमारत उभी राहिली. ती बहुतांशी कर्जावर होती आणि ते कर्ज फेडण्याचा एकच मार्ग होता, पलुस्करांचा गळा. त्यासाठी सतत दौरे करावे लागत. दौऱ्यांमुळे संस्थेकडे लक्ष कमी होई आणि उत्पन्न घटे. उत्तरायुष्यात त्यांचे मन भक्तीकडे अधिक वळले, त्यांनी भगवी वस्त्रे स्वीकारली आणि मैफलींची जागा रामायण प्रवचनांनी व रामधुनीने घेतली. हिशेबाच्या दृष्टीने हा बदल घातक ठरला. १९२४ साली इमारतीचा लिलाव झाला. राजाश्रय नाकारून लोकाश्रयावर उभी केलेली संस्था सावकारांच्या हाती गेली. संस्था चालवण्याचा व्यवहार त्यांना जमला नाही, हे मान्य करावे लागते. त्यानंतर नाशिकच्या पंचवटीतील रामनाम आधार आश्रम हेच त्यांचे मुख्य ठिकाण झाले.

राष्ट्रीय चळवळ

काँग्रेसच्या अधिवेशनांत पलुस्कर वंदे मातरम् गात असत. १९२३ च्या काकीनाडा अधिवेशनात अध्यक्ष मौलाना मोहम्मद अली यांनी धार्मिक कारणावरून गायनास हरकत घेतली. हे राष्ट्रीय सभेचे व्यासपीठ आहे, मशीद नाही, असे उत्तर देऊन पलुस्करांनी गीत पूर्ण केले. रघुपती राघव या रामधुनीची प्रचलित चाल त्यांचीच मानली जाते. साबरमती आश्रमासाठी गांधीजींना संगीतशिक्षक हवा होता, तेव्हा त्यांचे शिष्य नारायण मोरेश्वर खरे तेथे गेले. आश्रम भजनावलीचे काम खरे यांनी केले आणि १९३० च्या दांडी यात्रेतही ते होते.

मूल्यमापन

गाण्याला प्रतिष्ठा मिळवून देताना पलुस्करांनी त्याला भक्तीचे आणि शुचितेचे वस्त्र चढवले. शृंगारिक शब्दांच्या बंदिशी बदलल्या किंवा टाळल्या. ज्या कलावंतिणींनी आणि मुसलमान उस्तादांनी ही विद्या पिढ्यान्‌पिढ्या जपली, त्यांना या नव्या शाळेत फारसे स्थान उरले नाही, असा आक्षेप अलीकडच्या अभ्यासकांनी घेतला आहे. आक्षेप निराधार नाही. मात्र, मध्यमवर्गीय पालकांचा विरोध मोडण्यासाठी त्या काळी दुसरा कोणता मार्ग होता, हेही विचारात घ्यावे लागते.

अखेर आणि परंपरा

२१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेत त्यांचे निधन झाले. त्यांची बहुतेक अपत्ये लहानपणीच गेली होती. मागे राहिलेला मुलगा दत्तात्रेय तेव्हा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्याला घडवले. पुढे द. वि. पलुस्कर (१९२१–१९५५) या नावाने तो फार मोठा गायक झाला, पण अवघ्या चौतिसाव्या वर्षी गेला.

इमारत गेली तरी शिक्षक उरले. निधनाच्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबाद येथे एकत्र येऊन गांधर्व महाविद्यालय मंडळाची स्थापना केली. पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यात गांधर्व महाविद्यालय काढले. देवधरांची शाळा मुंबईत होती आणि तेथेच कुमार गंधर्व घडले, शाळेत गवई होत नाही या म्हणण्याला हे ठळक उत्तर. ओंकारनाथ ठाकूर यांनी बनारस हिंदू विद्यापीठात संगीताचे महाविद्यालय उभे केले.

अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद आणि अलंकार या परीक्षा आज देशभर घेतल्या जातात. मराठवाड्यात या परंपरेचे महत्त्व विशेष आहे. पलुस्करांच्या हयातीत नांदेड आणि लातूर हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. तो १७ सप्टेंबर १९४८ रोजी भारतात सामील झाला आणि नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले ते १९९४ साली. भजन, कीर्तन आणि नांदेडच्या गुरुद्वारातील रागबद्ध शबद यांची येथे जुनी परंपरा आहे, पण गाणे शिकवण्याचे प्रमाणपत्र मिळवायचे तर दीर्घकाळ मंडळाची परीक्षा हाच जवळचा मार्ग होता. आता या भागातील काही महाविद्यालयांत संगीत हा पदवीचा विषय आहे. तरीही नांदेड आणि लातूरच्या परीक्षा केंद्रांवर एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सत्रांत शाळकरी मुले प्रारंभिकला बसतात, आणि शाळेत संगीतशिक्षक म्हणून नेमणूक हवी असलेले तरुण विशारदला.