ग्रंथांची कुलपे उघडणारा गणिती

थोरांची चरित्रे आपण वाचतो तेव्हा त्यांत बहुधा राजे, योद्धे, संत आणि देशभक्त असतात. ग्रंथालयात पुस्तके देण्याघेण्याच्या टेबलामागे बसलेल्या माणसाचे चरित्र सहसा कोणी वाचत नाही. परंतु त्या टेबलामागच्या खुर्चीला प्राध्यापकाच्या खुर्चीइतकाच मान मिळावा, म्हणून उभे आयुष्य वेचणारा एक माणूस आपल्या देशात होऊन गेला. त्यांचे नाव डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन.

त्या वेळच्या तंजावर जिल्ह्यातील शियाळी या गावी १८९२ साली त्यांचा जन्म झाला. ते अवघे सहा वर्षांचे असताना वडील वारले. मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजातून गणितात एम. ए. होऊन ते शिक्षकी पेशात शिरले. मंगळूर, कोईमतूर आणि पुढे मद्रासचे प्रेसिडेन्सी कॉलेज येथे त्यांनी गणित शिकवले. बोलताना ते अडखळत. पण वर्गापुढे उभे राहायचे म्हणून त्यांनी या व्यंगावर प्रयत्नपूर्वक बरीच मात केली.

१९२४ साली मद्रास विद्यापीठाने आपला पहिला ग्रंथपाल नेमायचे ठरवले. त्या काळी या विद्येचे शिक्षण घेतलेला माणूस मिळणे दुरापास्त होते. मित्रांच्या आग्रहाखातर रंगनाथनांनी अर्ज केला आणि निवड त्यांचीच झाली. पण विद्यार्थ्यांनी गजबजलेल्या वर्गातून आलेल्या या शिक्षकाला तिथला एकांत खायला उठला. थोड्याच दिवसांत ते जुन्या कॉलेजात गेले आणि आपल्याला परत घ्या म्हणून विनवू लागले. तेव्हा तोडगा निघाला तो असा : आधी लंडनला जाऊन हे शास्त्र शिकून यावे, त्यानंतरही मन रमले नाही, तर गणिताची जागा त्यांचीच.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात बर्विक सेयर्स हे त्यांना गुरू लाभले. तिथली अनेक ग्रंथालये त्यांनी हिंडून पाहिली. कामगार, गृहिणी, लहान मुले अशा सर्वांची तिथे ये-जा असे, आणि त्यांना हवे ते शोधून देणारी शिकलेली माणसे तिथे असत. ग्रंथालय म्हणजे पुस्तकांचे कोठार नव्हे, समाजाला शिकवणारी ती एक शाळाच आहे, हे त्यांना उमगले. एका दुकानात त्यांनी मेकॅनो हे खेळणे पाहिले. मोजक्याच पट्ट्या आणि खिळे-स्क्रू वेगवेगळ्या रीतीने जोडून त्यातून हवी ती वस्तू तयार होत होती. ग्रंथांचे विषयही असेच सुटे भाग जोडून मांडता येतील, हा विचार त्यांना सुचला तो त्यावरून. त्यातून १९३३ साली त्यांची द्विबिंदू वर्गीकरण पद्धती प्रसिद्ध झाली. १९२५ मध्ये ते परतले, ते गणिताची जागा मागण्यासाठी नव्हे.

मद्रासच्या ग्रंथालयात वाचकांना कपाटांपर्यंत जाण्याची मुभा त्यांनी दिली, वेळ वाढवली आणि वाचकाला संदर्भ शोधून देण्यासाठी सेवक नेमले. १९३१ साली त्यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे ग्रंथरूपाने मांडली. ग्रंथ जपून ठेवण्यासाठी नसून वापरण्यासाठी असतात. प्रत्येकाला त्याचे पुस्तक आणि पुस्तकाला त्याचा वाचक मिळायला हवा. वाचकाचा वेळ मोलाचा असतो. आणि ग्रंथालय सतत वाढत राहते, असा त्यांचा आशय आहे.

हे वाचताना मला शाळेतले पुस्तकांचे कपाट आठवले. काचेआडून पुस्तकांची नावे वाचता येत. किल्ली मात्र कधी सापडत नसे. घरात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे कोणते पुस्तक मागावे, हे सांगणारे घरी कोणी नव्हते. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत त्यांना ग्रंथपाल नसला तरी एक वेळ चालेल, आमच्यासारख्यांचे कसे चालणार?

रंगनाथनांनी नेमके हेच ओळखले होते. चांगला सेवक नसेल तर चांगले पुस्तकही मुकेच राहते. म्हणून १९२८ साली मद्रास ग्रंथालय संघ स्थापन होताच, दुसऱ्याच वर्षी त्यांनी ग्रंथपालांचे प्रशिक्षण वर्ग सुरू केले. १९३१ मध्ये मन्नारगुडी येथे ग्रंथांनी भरलेली बैलगाडी खेड्यापाड्यांतून फिरू लागली, त्या उपक्रमामागे त्यांचीच प्रेरणा होती. वाचकमंडळे, मुलांसाठी कथाकथन, प्रदर्शने ही कामे त्यांनी ग्रंथपालाच्या कर्तव्यांतच गणली. ग्रंथालयांना कायद्याचा आधार मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षे झटले आणि १९४८ साली मद्रास प्रांताचा ग्रंथालय कायदा झाला. आपल्याकडे कोल्हापूर संस्थानाने १९४५ मध्येच असा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालचा आहे. मद्रासच्या कायद्यात ग्रंथालयांसाठी उपकराची तरतूद होती. महाराष्ट्राच्या कायद्यात ती नाही.

पुढे बनारस हिंदू विद्यापीठात त्यांनी सुमारे १ लाख ग्रंथांचे वर्गीकरण जवळजवळ एकहाती केले. नंतर ते दिल्ली विद्यापीठात होते. विद्यापीठ अनुदान आयोगाने १९५७ साली नेमलेल्या ग्रंथालय समितीचे ते अध्यक्ष झाले. विद्यापीठे व महाविद्यालये यांतील ग्रंथपालांना अध्यापकांच्या बरोबरीचा दर्जा आणि वेतन द्यावे, अशी शिफारस त्या समितीने केली. स्वतः मात्र ते अत्यंत साधे राहिले. साठवलेल्या पैशांतून १ लाख रुपये मद्रास विद्यापीठाला देऊन त्यांनी पत्नी शारदा यांच्या नावे ग्रंथालयशास्त्राचे अध्यासन सुरू करवले. १९६२ मध्ये बंगलोरला प्रलेखन संशोधन व प्रशिक्षण केंद्र उभारले. १९६५ साली ते राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक झाले. २७ सप्टेंबर १९७२ रोजी बंगलोर येथेच त्यांचे निधन झाले.

बी. ए. नंतर ग्रंथालयशास्त्राची पदवी घ्यावी, असे माझ्या मनात आहे. हे ऐकून घरचे विचारतात, पुस्तके उचलून द्यायला शिक्षण कशाला लागते? रंगनाथनांनाही ती खुर्ची आरंभी निरर्थकच वाटली होती. म्हणून घरच्यांचा मला राग येत नाही. ते काम त्यांनी कधी पाहिलेलेच नाही.

१२ ऑगस्ट हा दिवस त्यांच्या स्मरणार्थ ग्रंथपाल दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी त्यांच्या तसबिरीला हार जरूर घालावा. पण त्याच दिवशी महाविद्यालयात एखादे वाचकमंडळ सुरू झाले, आणि पहिल्या वर्षाच्या प्रत्येक विद्यार्थ्याला ग्रंथपालांनी तासभर कपाटांमधून हिंडवून आणले, तर ते अधिक बरे. एवढ्यासाठी ग्रंथपालांना कारकुनीतून थोडी सवड द्यावी, ही प्राध्यापकवर्गाला माझी नम्र विनंती. आणि मित्रमैत्रिणींनो, परीक्षा जवळ येण्याची वाट न पाहता एखादी खरी शंका घेऊन त्या टेबलापाशी जाऊन तर पाहा.