कोहिमाचे पॉसीसाहेब

परक्या राजवटीतील अधिकाऱ्याचे चरित्र आपल्या स्मरणिकेत कशासाठी, असे एखाद्या ज्ञातिबांधवास वाटेल. परंतु सर चार्ल्स पॉसी यांचे जीवन कोहिमाच्या इतिहासाशी एकजीव झाले आहे, आणि त्या इतिहासात मराठा पलटणीचाही वाटा आहे.

१८९४ साली जन्मलेले पॉसी पहिल्या महायुद्धात लढून मिलिटरी क्रॉसचे मानकरी झाले व पुढे सनदी नोकरीत शिरून आसामात आले. नागा डोंगरांतील कोहिमा येथे इंग्रजांनी ठाणे बसविले ते १८७८ साली. पुढल्याच वर्षी खोनोमा गावी डॅमंट हा अधिकारी मारला गेला, नागांनी कोहिमास वेढा घातला आणि पाठोपाठ इंग्रज फौज खोनोमावर चालून गेली. ज्या सत्तेचा पाया असा बंदुकीने घातला गेला, तिच्या डेप्युटी कमिशनरवर नागांनी विश्वास टाकावा, हे नवलच म्हणावयाचे.

त्या विश्वासाची कसोटी १९४४ साली लागली. मार्चमध्ये जपानी ३१ वी डिव्हिजन चिंदविन ओलांडून कोहिमाच्या रोखाने निघाली. मणिपुरातील सांगशाक येथे ५० व्या छत्रीधारी ब्रिगेडने व तिच्यासमवेत असलेल्या ४/५ मराठा लाइट इन्फंट्रीने तिची एक फळी २६ मार्चपर्यंत अडवून धरली. ते मोलाचे दिवस कोहिमाच्या कामी आले.

एप्रिलच्या आरंभी वेढा पडला. पॉसी मुलकी अधिकारी. ४६ मैलांवरील दिमापुरास ते निघून जाते तरी कोणी दोष दिला नसता. आपण गेलो तर नागांचा धीर खचेल हे जाणून ते राहिले. पाण्याचा तुटवडा असा की विमानांतून पाणी टाकावे लागले. पॉसींचा बंगला जमीनदोस्त झाला, आणि त्यांच्या टेनिसच्या मैदानाच्या दोन काठांवर दोन सैन्ये खंदक खणून समोरासमोर बसली! १८ एप्रिलला कुमक पोहोचली, तरी लढाई जूनपर्यंत चालली. या काळात नागांनी वाटाडे, हमाल व जखमींचे वाहक म्हणून केलेली सेवा विसरण्याजोगी नाही. त्यांची स्वतःची कोहिमा वस्ती मात्र उद्ध्वस्त झाली.

१९४५ साली पॉसींच्या पुढाकाराने नागांची जिल्हा आदिवासी परिषद स्थापन झाली. तीच पुढे नागा नॅशनल कौन्सिल बनली आणि स्वतंत्र राज्याची मागणी करू लागली. १९४७ साली पॉसी मायदेशी परतले. १९७२ साली ते निवर्तले.

त्या टेनिस मैदानाच्या रेषा आज युद्धस्मशानभूमीत पांढऱ्या दगडांनी आखलेल्या आहेत. जवळच अग्निसंस्कार झालेल्या ९१७ हिंदू व शीख सैनिकांचे स्मारक आहे.