पेकिंगच्या कबरस्थानांतील फादर मत्तेओ रिच्ची

आपण आपल्या पूर्वजांच्या कबरींचें स्मरण करीत आहों. अशा वेळीं पेकिंग, म्हणजे आजचें बीजिंग, येथील एका कबरीचीही आठवण व्हावी. कारण तींत विसावलेला धर्मगुरु आपल्या गोव्यावरूनच तिकडे गेला होता.

फादर मत्तेओ रिच्ची यांचा जन्म इटलींतील माचेराता येथें ता. ६ ऑक्टोबर १५५२ रोजीं झाला. १५७१ सालीं ते येशूसंघांत प्रविष्ट झाले व १५७८ च्या सप्टेंबरांत गोव्यास उतरले. १५८० सालीं कोचीन येथें त्यांस गुरुदीक्षा मिळाली, आणि १५८३ सालीं त्यांनीं चीनमध्यें वास्तव्य आरंभिलें.

परकीयांविषयीं त्या देशांत मोठा संशय असे. रिच्चींनीं तो नम्रतेनें दूर केला. ते चिनी भाषा शिकले, तेथील पंडितांचा पोशाख ल्याले, चिनी अक्षरांत जगाचा नकाशा छापविला. ख्रिस्ती झालेले विद्वान अधिकारी शू ग्वांगछी यांच्यासह त्यांनीं युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा भाग चिनी भाषेंत उतरविले. ते १६०७ सालीं प्रसिद्ध झाले. १६०१ सालीं घड्याळें नजर करून त्यांनीं राजधानींत राहण्याची परवानगी मिळविली. परंतु वानली बादशहाचें दर्शन त्यांस कधींच घडलें नाहीं.

ता. ११ मे १६१० रोजीं ते प्रभूंत निजले. परकीयांचे देह मकाव येथें नेऊन पुरण्याची तेव्हां रीत होती. त्यांचे सोबती फादर पांतोहा यांनीं बादशहाकडे अर्ज केला, आणि नगराच्या तटाबाहेर जागा मिळाली. १६११ सालीं सर्व संतांच्या सणादिवशीं तेथें दफनविधि झाला. ज्यांस जिवंतपणीं केवळ राहूं दिलें होतें, त्यांस मेल्यावर त्या देशाची भूमि मिळाली. आणि तिच्या आधारानें तेथील लहानशा ख्रिस्तसभेचें पाऊल स्थिर झालें.

१९०० सालच्या बॉक्सर बंडांत त्या कबरींची विटंबना झाली. १९६६ नंतरच्या धामधुमींत शिळा जमिनींत पुरल्या गेल्या. पुढें त्या पुन्हां उभारण्यांत आल्या. ता. १७ डिसेंबर २०२२ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं रिच्चींस आदरणीय म्हणून घोषित करविलें.

आपल्या गांवींही दूरदेशाहून आलेले धर्मगुरु निजले असतील, आणि आपले कित्येक आप्त परमुलखांत मातीआड झाले आहेत. येत्या नोव्हेंबरांत घरच्या कबरीवर मेणबत्ती लावाल, तेव्हां ज्यांच्या कबरीशीं कोणीच येत नाहीं, त्यांच्यासाठींही एक प्रार्थना करावी.