वाचकांचा छळ करायला त्याने नावही तसंच घेतलं: 'टॉर्केमाडा'ची गोष्ट

100 पानांची खुनाची कथा. पण सगळी पानं उलटसुलट छापलेली. पानं क्रमाने लावा, मेलेले 6 जण आणि त्यांचे मारेकरी ओळखा आणि 15 पाउंड जिंका. 1934 मधल्या या 'केन्स जॉबोन'चं उत्तर तेव्हा फक्त दोघांना सापडलं.

हे डोकं होतं एडवर्ड पॉइस मॅथर्स यांचं.

1892 मध्ये लंडनमध्ये जन्मलेले मॅथर्स मूळचे कवी आणि अनुवादक. काश्मिरी कवी बिल्हणाची संस्कृत 'चौरपंचाशिका' त्यांनीच 'ब्लॅक मॅरीगोल्ड्स' नावाने इंग्रजीत आणली.

1920 च्या दशकात अमेरिकेतलं क्रॉसवर्ड ब्रिटनमध्ये पोहोचलं. दिलेल्या अर्थाचा शब्द शोधायचा, इतकाच तो खेळ. मॅथर्स यांनी तो पार बदलला. 1926 पासून 'द ऑब्झर्व्हर'मध्ये ते 'टॉर्केमाडा' नावाने कोडी देऊ लागले. धर्माच्या नावाखाली छळ करणाऱ्या 15 व्या शतकातल्या स्पॅनिश अधिकाऱ्याचं हे नाव!

त्यांची कोडी क्रिप्टिक होती. म्हणजे काय? सूचना वाचताना सरळ वाक्य वाटतं, पण त्याचे दोन भाग असतात. एकात अर्थ, दुसऱ्यात अक्षरांचा खेळ. मराठीत करून बघा: रस उलटला की गळ्यात शोभतो (2 अक्षरं). 'रस' उलटा वाचला की 'सर'. आणि मोत्यांचा सर गळ्यातच शोभतो!

शब्द मॅथर्स निवडायचे, ते चौकटीत बसवायला पत्नी रोझामंड मदत करायच्या. 1939 मध्ये, वयाच्या 46 व्या वर्षी, मॅथर्स गेले. तोवर ऑब्झर्व्हरमध्ये त्यांची सुमारे 670 कोडी छापून आली होती.

पण एक प्रश्न मागे राहिला. कोडं अवघड असावं, पण किती? त्यांच्या जागी आलेल्या 'झिमेनेस' यांनी नियम घट्ट केले. वाचकाला चकवा जरूर द्या, पण उत्तराचा रस्ता सूचनेतच हवा. आजही अनेक क्रिप्टिक कोडी याच नियमाने बनतात.

'केन्स जॉबोन' मात्र विस्मरणात गेलं. 2019 मध्ये ते पुन्हा छापलं गेलं. 2021 मध्ये एका टिकटॉक युजरने त्याची पानं बेडरूमच्या भिंतीवर चिकटवली, व्हिडिओ व्हायरल झाला आणि पुस्तकाच्या प्रती हातोहात संपल्या.

100 पानं लावायच्या शक्यता मोजल्या तर 158 अंकी संख्या येते. त्यातला बरोबर क्रम एकच. 80 पेक्षा जास्त वर्षांनंतरही लोक तो शोधत रात्री जागवतायत. टॉर्केमाडाचा छळ अजून संपलेला नाही.