पास्कल आणि हवेचे वजन

फ्रान्स देशात क्लेर्माँ नावाचे एक जुने शहर आहे. त्या शहराच्या पश्चिमेस प्वी-द-डोम नावाचा डोंगर उभा आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची १४६५ मीटर आहे. या शहरात १९ जून १६२३ रोजी ब्लेझ पास्कलचा जन्म झाला. पुढे पास्कलच्या एका प्रश्नाचे उत्तर याच डोंगराच्या माथ्यावर मिळावयाचे होते.

ब्लेझ तीन वर्षांचा असतानाच आईच्या मायेस मुकला. त्याचे वडील एतियेन हे सरकारी अधिकारी असून गणिताचे चांगले जाणकार होते. १६३१ साली ते आपल्या तिन्ही मुलांसह पॅरिसला येऊन राहिले. ब्लेझला शाळेत न पाठविता त्यांनी स्वतःच शिकविले. भाषांचा अभ्यास पक्का होण्यापूर्वी मुलाचे मन भूमितीत गुंतू नये, म्हणून गणिताची पुस्तके त्यांनी दृष्टिआड ठेवली. परंतु बारा वर्षांचा ब्लेझ कोळशाने फरशीवर आकृत्या काढून त्रिकोणाच्या कोनांचा विचार करीत बसलेला त्यांना आढळला, असे त्याच्या थोरल्या बहिणीने लिहून ठेवले आहे. त्या दिवसापासून भूमितीची बंदी उठली. पुढे वडिलांची नेमणूक रूआँ शहरी झाली. तेथे करवसुलीचे हिशेब करता करता ते थकून जात. त्यांचे श्रम वाचावेत म्हणून एकोणिसाव्या वर्षी पास्कलने बेरीज-वजाबाकी करणारे यंत्र तयार करण्यास आरंभ केला.

त्या काळी एक कोडे सर्वांना पडले होते. विहिरीचे पाणी ओढून घेणारा पंप कितीही चांगला असला, तरी तो सुमारे दहा मीटरांपलीकडे पाणी चढवू शकत नसे. इटलीतील टॉरिचेल्ली याने १६४३च्या सुमारास एक टोक बंद असलेली काचेची नळी पाऱ्याने भरली व ती पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली. पारा सुमारे ७६० मिलिमीटर उंचीवर येऊन थांबला आणि वर रिकामी जागा राहिली. जुने पंडित म्हणत, की निसर्गाला पोकळी मुळीच खपत नाही. त्या जागेत पाऱ्याची वाफ भरलेली असली पाहिजे.

पास्कलने हा वाद प्रयोगाने सोडविण्याचे ठरविले. त्याने सुमारे पंधरा मीटर लांबीच्या काचेच्या नळ्या करवून घेतल्या व त्या जहाजाच्या डोलकाठीला बांधल्या. एका नळीत पाणी भरले, दुसरीत द्राक्षासव. आसवाची वाफ अधिक होते. तेव्हा वाफेचे म्हणणे खरे असेल, तर आसव पाण्याहून खाली उतरावयास हवे होते. प्रत्यक्षात ते पाण्याहून थोडे उंच राहिले, कारण ते पाण्याहून हलके होते. याचा अर्थ असा, की स्तंभाची उंची त्या द्रवाच्या वजनावर अवलंबून आहे.

मग या स्तंभांना तोलून धरणारे कोण? पास्कलला वाटले, की बाहेरच्या हवेचे वजनच हे काम करीत असावे. तसे असेल तर डोंगरमाथ्यावर, जेथे डोक्यावरची हवा कमी, तेथे पारा खाली उतरला पाहिजे. पास्कलची प्रकृती मात्र नाजूक होती. डोकेदुखीने व अशक्तपणाने त्याला जर्जर केले होते. डोंगर चढणे त्याला शक्य नव्हते. म्हणून नोव्हेंबर १६४७ मध्ये त्याने क्लेर्माँ येथे राहणारे आपले मेहुणे फ्लोराँ पेरिये यांना पत्र पाठविले. पेरिये यांना कामांमुळे सवड मिळेना; पुढे धुके व बर्फ आडवे आले. जवळजवळ वर्षभर पास्कल वाट पाहत राहिला.

अखेर १९ सप्टेंबर १६४८ रोजी तो दिवस उजाडला. पेरिये यांनी शहरातील प्रतिष्ठित मंडळींना बरोबर घेतले. पायथ्याशी एका मठाच्या बागेत दोन नळ्यांतील पारा सारख्याच उंचीवर, सुमारे ७११ मिलिमीटरवर राहिला. एक नळी तेथेच ठेवून तिच्यावर दिवसभर लक्ष ठेवण्यास एका धर्मगुरूंना सांगितले. दुसरी नळी सुमारे हजार मीटर उंच चढवून माथ्यावर नेली. तेथे पारा सुमारे ६२७ मिलिमीटरवर आला! मंडळी आश्चर्याने थक्क झाली. माथ्यावर वेगवेगळ्या ठिकाणी पाच वेळा प्रयोग केला. उत्तर तेच आले. खालच्या नळीतील पारा मात्र दिवसभर जागचा हलला नव्हता. हवेला वजन आहे, ही गोष्ट सिद्ध झाली. पुढे पास्कलने पॅरिसमध्ये सुमारे ५० मीटर उंच मनोऱ्यावरही पाऱ्याचा फरक पडताळून पाहिला.

आयुष्याची अखेरची वर्षे पास्कलने धर्मचिंतनात घालविली. १९ ऑगस्ट १६६२ रोजी, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी त्याचे निधन झाले. द्रवांचा समतोल व हवेचे वजन यांवरील त्याचे लेखन दुसऱ्या वर्षी प्रसिद्ध झाले.

१९७१ साली जगातील राष्ट्रांनी दाबाच्या प्रमाणित एककास पास्कल हे नाव दिले. एक चौरस मीटर जागेवर एक न्यूटन बल पडले, म्हणजे एक पास्कल दाब होतो. हे एकक अगदी लहान आहे. एक चौरस मीटर फरशीवर एक मिलिमीटर जाडीचा पाण्याचा थर पसरला आहे, अशी कल्पना करा. ते पाणी एक लिटर, म्हणजे एक किलोग्रॅम भरेल. त्याचे वजन सुमारे ९.८ न्यूटन होईल. म्हणून एक मिलिमीटर पाण्याच्या स्तंभाचा दाब सुमारे ९.८ पास्कल असतो. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून डोंगरावर पारा सुमारे ८५ मिलिमीटर उतरला, तो फरक ११५६ मिलिमीटर पाण्याएवढा, म्हणजे सुमारे ११,३०० पास्कल भरतो.

स्वयंपाकघरातील शेगडीला येणाऱ्या गॅसचा दाब असाच थोडा, सुमारे ३०० मिलिमीटर पाण्याएवढा असतो. वाकविलेल्या नळीत पाणी भरून कारागीर तो मोजतात. मिलिमीटरांना ९.८ ने गुणले, की सुमारे २,९४० पास्कल हे उत्तर मिळते. ज्या माणसाला स्वतः डोंगर चढता आला नाही, त्याचे नाव अशा प्रत्येक मोजणीत घेतले जाते.