भाकरी कोणी थापायची?

बडोदेकरांना सयाजीराव हे नाव नवे नाही. विद्यापीठ, बाग, रुग्णालय, जिकडे जावे तिकडे तेच नाव. पण साताऱ्यातही महाराजा सयाजीरावांच्या नावाचे एक विद्यालय आहे, हे आम्हाला बरीच वर्षे ठाऊक नव्हते. 1940 साली ते सुरू करणारे गृहस्थ स्वतः मॅट्रिकही झालेले नव्हते. ते म्हणजे कर्मवीर भाऊराव पाटील. यंदाच्या स्मरणिकेसाठी त्यांचीच आठवण करावी असे आम्ही ठरवले.

भाऊरावांचा जन्म 22 सप्टेंबर 1887 रोजी कोल्हापूर जिल्ह्यातील कुंभोज येथे, एका जैन कुटुंबात झाला. शिक्षणासाठी ते कोल्हापूरला जैन बोर्डिंगमध्ये राहिले. पण तिथले सोवळे-ओवळे त्यांना मानवले नाही आणि अखेर बोर्डिंग सोडावे लागले. पुढे राजर्षी शाहू महाराजांचा सहवास लाभला. वसतिगृहातून मुले कशी घडतात हे त्यांनी तिथे जवळून पाहिले. नंतर साताऱ्यात शिकवण्या केल्या, किर्लोस्करांचे नांगर विकत ते खेडोपाडी फिरले. नांगर घेणाऱ्याच्या घरातले पोर शाळेत का नाही, हा प्रश्न त्यांच्या मनात तेव्हापासून घर करून बसला. 4 ऑक्टोबर 1919 रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केले. 25 फेब्रुवारी 1927 रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू बोर्डिंग हे नाव देण्यात आले.

या बोर्डिंगात मराठा, जैन, मुसलमान, महार, मांग अशी सगळ्या जातींची मुले एकत्र राहत. नोकरचाकर नव्हते. पाणी भरणे, झाडलोट, स्वयंपाक, भांडी, बागेतली खणणी ही सगळी कामे मुलांनीच करायची. पैसे नव्हते हे एक कारण होतेच. पण तेवढेच नव्हते. त्या काळी कोणाच्या हातचे पाणी प्यावे आणि कोणाच्या हातची भाकरी खावी, यावर माणसाची पायरी ठरे. इथे आज एका जातीच्या पोराने थापलेली भाकरी उद्या दुसऱ्याने थापायची आणि दोन्ही दिवशी सगळ्यांनी एका पंगतीत बसून खायची. जातिभेदावर व्याख्यान देण्यापेक्षा हा रोजचा धडा जास्त पक्का होता. पोटात भूक असली की तो लवकर पाठही होत असे.

या संसाराचा भार लक्ष्मीबाईंनी उचलला. त्या सुखवस्तू, सोवळे पाळणाऱ्या घरातून आलेल्या. सुरुवातीला हे सगळे त्यांना जड गेले असणारच. पण पुढे सर्व जातींच्या मुलांची त्या आई झाल्या. मुलांच्या पोटासाठी एकेक दागिना गेला आणि शेवटी मंगळसूत्रही गेले. 1930 साली त्यांचे निधन झाले. संस्था त्यांना आजही रयतमाउली म्हणते.

पुढे 1947 मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज उभे राहिले. श्रम करून शिकायचे, ही बोर्डिंगातली रीत तिथेही चालू राहिली. ‘कमवा आणि शिका’ हे नाव आज सर्वांना परिचित आहे. बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि पुढे शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू. 1959 साली भाऊरावांना पद्मभूषण मिळाले, आणि त्याच वर्षी 9 मे रोजी ते गेले. आज संस्थेच्या सातशेहून अधिक शाखा आहेत. वडाचे झाड हे तिचे बोधचिन्ह. ते सार्थ ठरले आहे.

आम्ही डिप्लोमाला असताना वसतिगृहात राहिलो. मेसच्या कामाच्या पाळ्या आम्हीही कागदावर लिहून भिंतीला चिकटवल्या होत्या. महिनाभरात हिशेब आणि बाजारहाट यांना सगळे तयार, भांड्यांच्या पाळीला मात्र ठरावीक दोघे-तिघेच, असे झाले. ते दोघे-तिघे कोण आणि तेच का, हे आम्ही तेव्हा विचारले नाही. आज ती लाज वाटते.

आपल्या मंडळातही दरवर्षी वर्गणी, सजावट, आरती, निवेदन यांसाठी नावे भराभर येतात. महाप्रसादानंतर पत्रावळी उचलायला आणि विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मांडव झाडायला कोण, ही ओळ मात्र कोरी राहते. यंदा त्या ओळीत पहिले नाव आमचे लिहून घ्यावे, ही कार्यवाहांना विनंती. खाली जागा भरपूर आहे.

गणपती बाप्पा मोरया!